एसी अर्धा तास हळू चालला तर?

मे महिन्यात रात्री मोरव्यात लोक ओट्यावर वारा खात बसतात आणि तिकडे भाईंदरच्या टॉवरांत खिडकीखिडकीला एसी घरघरत असतो. हा सगळा भार एकदम येतो, त्या काही तासांसाठी महागडी वीज घ्यावी लागते. तिचा खर्च दरात मिसळतो, म्हणजे नुसता पंखा लावणाराही तो भरतो. मला खटकतं ते हे.

टाटा पॉवरने २०२३ मध्ये मुंबईसाठी योजना जाहीर केली होती: ५५,००० घरं आणि ६,००० मोठे ग्राहक मिळून सहा महिन्यांत ७५ मेगावॅट मागणी उतरवायची. निरोप आला की वापर थोडा वेळ कमी करायचा, बस्स. मॉल आधीच गार करून ठेवला तर अर्धा तास एसी हळू चालला तरी कुणाला कळत नाही, भिंती गारवा धरतात. (आपण मात्र १८ वर लावून गोधडी ओढतो!)

पण सुरुवात घरांपासून नको. आधी मॉल, बँका, पालिकेची कार्यालयं. आणि वाचलेल्या पैशातला वाटा बिलात दिसू द्या, नुसते आभाराचे मेसेज नकोत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, नगरसेवकाला, विचारा तरी.