गांडुळांचा डबा आणि घराचे आरोग्य

सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये भरतो आहे. गोदाकाठी लाखो भाविक येणार असल्याने नाशिकच्या कचऱ्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. या शहराला घंटागाडी नवी नाही. नव्वदच्या दशकापासून ती दारात येते आणि कचरा पाथर्डी शिवारातील खत प्रकल्पावर नेते. तरीही ‘ओला कचरा घरातच जिरवा’ हे आवाहन आता वारंवार कानावर पडते. अंगण असलेल्यांना ते सोपे आहे. पण सिडको किंवा पंचवटीतल्या दोन खोल्यांच्या घरात बाल्कनी आधीच वॉशिंग मशीन, सिलिंडर आणि वाळत घातलेल्या कपड्यांनी भरलेली असते. तिथे गांडुळांचा डबा ठेवणे आरोग्याच्या दृष्टीने कितपत योग्य? काळजी घेतली तर योग्य, आणि ती काळजी फारशी अवघडही नाही.

नियमांमागचा आजार

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात आणि पाठोपाठ सुरतमध्ये प्लेगची साथ आली. उंदीर आणि अस्वच्छता यांचा संबंध साऱ्या देशाला नव्याने उमगला. १९९६ मध्ये शहरांतील कचऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि २००० मध्ये नागरी घनकचऱ्याचे नियम आले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा ठेवणे बंधनकारक केले.

यात कळीचा मुद्दा ओल्या कचऱ्याचा आहे. आपल्या शहरांतील घरगुती कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा वाटा त्याचा असतो. तो मिसळला की कागद, प्लास्टिक सगळेच बरबटते. माशा, उंदीर, मोकाट कुत्री त्याच्या वासाने येतात. कचरा निवडणाऱ्या कामगाराचा हात त्याच चिखलात जातो आणि तिथे इन्सुलिनची सुई किंवा फुटलेली काच असू शकते. कचऱ्याच्या डोंगरात हवेविना कुजताना त्यातून मिथेन वायू तयार होतो आणि आगी भडकायला मदत होते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील देवनारच्या आगीचा धूर लोकांनी कित्येक दिवस श्वासावाटे घेतला.

हिशेब काय सांगतो?

चौघांच्या कुटुंबाचा ओला कचरा रोज साधारण अर्धा ते एक किलो भरतो. परिस्थिती अनुकूल असेल तर गांडुळे रोज आपल्या वजनाच्या निम्मे खातात. म्हणजे अर्धा किलो कचऱ्यासाठी किलोभर, सुमारे हजारभर गांडुळे हवीत. छोट्या घरातल्या एका क्रेटमध्ये एवढ्यांची सोय होईलच असे नाही. त्यामुळे भाज्यांची देठे, फळांची साले, चहाचा चोथा आणि अंड्यांची टरफले डब्यात टाकावीत. उरलेली रस्सा-भाजी, तेलकट पदार्थ, मासे-मटण आणि लिंबू-संत्र्याची साले घंटागाडीच्या ओल्या कप्प्यात द्यावीत. निम्मा कचरा जिरला तरी काम झाले.

यासाठी लागणारी लाल गांडुळे पावसाळ्यात अंगणात दिसणाऱ्या गांडुळांपेक्षा वेगळी असतात. ती जमिनीत खोल न जाता कुजणाऱ्या पाल्यात राहतात. त्यांना दात नसतात. कुजू लागलेला पदार्थ, त्यावर वाढणारे जिवाणू आणि बुरशी हे त्यांचे अन्न. श्वास ती ओलसर त्वचेतून घेतात. डबा कोरडा पडला की ती मरतात आणि पाणी साचले तरी गुदमरतात. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा पुरतो. डब्याला दुर्गंधी येऊ लागली तर आत हवा कमी पडते आहे असे समजावे. अशा वेळी कचरा टाकणे थांबवून कोरडा पालापाचोळा किंवा कागदाचे तुकडे मिसळावेत. या गांडुळांना १५ ते २५ अंश तापमान मानवते. नाशिकचा पारा मे महिन्यात चाळिशीला भिडतो, तेव्हा डबा सावलीत आणि ओल्या गोणपाटाखाली हवा.

डॉक्टरांच्या नजरेतून

पहिला धोका गांडुळांचा नसून डासांचा आहे. मुंग्या येऊ नयेत म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची पद्धत आहे. डेंग्यूचा एडिस डास नेमक्या अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. वाट्यांऐवजी पायांना ग्रीस लावावे. पाणी ठेवायचेच असेल तर आठवड्यातून एकदा वाट्या घासून कोरड्या कराव्यात. डब्याखालच्या ताटलीतले पाणीही साचू देऊ नये.

दुसरी गोष्ट उष्णतेची. खताचा मोठा ढीग ५५ अंशांच्या वर तापतो आणि त्यात बरेच रोगजंतू मरतात. गांडुळांच्या डब्यात तशी उष्णता तयार होत नाही. म्हणून कुत्र्या-मांजराची विष्ठा, डायपर आणि कच्चे मांस त्यात कधीही टाकू नये.

तिसरी गोष्ट बुरशीची. कोरडे खत चाळताना बुरशीचे बीजाणू उडतात. दमा असलेल्यांनी, जुन्या क्षयरोगामुळे फुप्फुसात पोकळी राहिलेल्यांनी, केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे चालू असलेल्यांनी हे काम दुसऱ्यांवर सोपवावे. इतरांनी खत ओलसर असतानाच, मास्क लावून हाताळावे. डबा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. हातमोजे वापरावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. खतात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. प्रौढांपैकी अनेकांना आपला शेवटचा डोस आठवतही नाही, त्यांनी डॉक्टरांकडे चौकशी करावी.

एक भीती मात्र निराधार आहे. गांडुळे हाताळल्याने मुलांना जंत होतात असे अनेकांना वाटते. पोटातला लांबट जंत दिसायला गांडुळासारखा असला तरी तो वेगळा जीव आहे. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत येतात. भाजीच्या देठांवर वाढणाऱ्या गांडुळांशी त्याचा संबंध नाही.

काम कोणाचे?

प्रत्यक्षात हा डबा सांभाळण्याचे काम बहुतेक घरांत बाईच्या अंगावर पडते. आवाहन करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचे पाणी जिरवण्याची सोय यांपैकी एक असलेल्या निवासी मिळकतींना करात ५ टक्के, तर दोन असतील तर १० टक्के सवलत देते. श्रमाची अशी दखल घेतली तर लोक टिकून राहतात. सोसायटीने मिळून एक मोठा हौद चालवला तर प्रत्येक बाल्कनीवरचा भारही हलका होतो.

मात्र घरातला डबा पालिकेच्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही. हॉटेलांतील ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतील मैला एकत्र कुजवून वीज तयार करण्याचा प्रकल्प नाशिकमध्ये जर्मन सहकार्याने उभा राहिला आहे. अशा प्रकल्पांना वेगळा केलेला, स्वच्छ ओला कचराच लागतो. दारात वेगळा दिलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र झाला तर नागरिक महिनाभरात वेगळे करणे सोडून देतात, आणि ते स्वाभाविकच आहे. सिंहस्थाच्या तयारीत घाटांइतकेच लक्ष घंटागाडीच्या कप्प्यांकडेही द्यायला हवे. तेवढे झाले तर दोन खोल्यांच्या घरातला छोटा डबा आपले अर्धे काम नक्की करील.