चिंता टाळून जात नाही



नवरात्र आलं, दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तालमी रंगू लागल्या आणि बारावीतल्या मुलांच्या घरी १ नोव्हेंबर ही तारीख सगळ्यांच्या मानगुटीवर बसली आहे. इथल्या, अमेरिकेतल्या, अनेक विद्यापीठांच्या अर्ली अर्जांची ती मुदत. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिनही याच महिन्यातला. म्हणून या वेळी लिहायचं आहे चिंतेविषयी. ती आपल्या घराघरांत आहे, पण मंडळाच्या पंगतीत तिचा विषय निघत नाही.

लहान मूल ‘मला भीती वाटते’ असं क्वचितच म्हणतं. रविवारी रात्री त्याचं पोट दुखतं आणि सोमवारी सकाळी ते गाडीत बसायला तयार नसतं. कॉलेजातली मुलगी निबंध दहादा लिहून खोडते आणि शेवटी पाठवतच नाही. मोठ्यांची कारणं आपल्याला पाठ आहेत. एच-१बी व्हिसावर असताना नोकरी गेली, की हाती जास्तीत जास्त ६० दिवस. ग्रीन कार्डाची रांग सरकत नाही आणि मूल २१ वर्षांचं झालं, की त्याचा एच-४ हा अवलंबितांचा व्हिसा संपतो. त्यात मध्यरात्री भारतातून फोन वाजला, की नाव वाचण्याआधीच छातीत धस्स होतं. यातली बरीचशी काळजी रास्तच आहे. पण झोप, शाळा, काम, माणसांत मिसळणं आठवड्यामागून आठवडे अडू लागलं, तर तिचं दुखणं झालं असं समजावं आणि डॉक्टरांशी बोलावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ३० कोटी लोकांना चिंतेचा विकार होता आणि त्यात ५.८ कोटी मुलं व किशोरवयीन होते. अमेरिकेच्या प्रिव्हेन्टिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०२२ मध्ये ८ ते १८ वयाच्या मुलांची आणि २०२३ मध्ये ६४ वर्षांपर्यंतच्या प्रौढांची यासाठी चाचपणी करावी, अशी शिफारस केली. वार्षिक तपासणीला गेल्यावर गेल्या दोन आठवड्यांविषयी प्रश्न विचारणारा कागद हाती येतो, तो यासाठीच. आपण पटापट ‘अजिबात नाही’वर खुणा करून मोकळे होतो. कृपया तो कागद खरा भरा.

चिंतेची मेख समजून घेण्याजोगी आहे. धोका जाणवला की हृदय धडधडतं, श्वास वाढतो, पोटात गोळा येतो. ती गोष्ट टाळली की लगेच हायसं वाटतं. पण ‘टाळलं म्हणून वाचलो’ हाच धडा मेंदू गिरवतो आणि पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होते. आपण आईवडील इथेच मायेपोटी हातभार लावतो. मुलाच्या वतीने उत्तरं देतो, त्याच्या शिक्षकांना ईमेल लिहितो, ‘काही होणार नाही’ हे दिवसातून वीस वेळा सांगतो.

येल विद्यापीठातल्या डॉ. एली लेबोविट्झ यांनी ‘स्पेस’ नावाची पद्धत तयार केली. तिच्यात मुलाला थेरपी देत नाहीत, शिकतात ते आईवडील. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७ ते १४ वयाची १२४ मुलं होती. या पद्धतीचा गुण मुलांना दिलेल्या सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी) उपचारापेक्षा कमी आला नाही. तिच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत: भीती खरी आहे हे मान्य करणं आणि मुलावर विश्वास दाखवणं. ‘तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय. तरीही तुला हे जमेल.’ ‘त्यात काय घाबरायचं?’ म्हणणाऱ्या घरात पहिली गोष्ट हरवते आणि सगळं आपणच निस्तरणाऱ्या घरात दुसरी.

पायऱ्या मात्र लहान हव्यात. मंचावर यायला घाबरणाऱ्या मुलाने कविता आधी आजीला फोनवर म्हणून दाखवावी, मग मराठी शाळेतल्या चार मित्रांसमोर, मग तालमीत. दिवाळीला मंचावर आला तर उत्तमच. पडद्यामागे उभं राहून सूत्रसंचालकाला साथ दिली, तरी ती एक पायरी चढणंच आहे.

एवढ्याने भागलं नाही, तर उपचार आहेत आणि ते गुण देतात. सीबीटी आहे, गरज पडल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं आहेत. शाळेत समुपदेशकांना भेटून ५०४ प्लॅन, म्हणजे मुलाच्या अडचणीनुसार सवलतींची योजना, मागता येतो. घरातल्या आजीआजोबांसाठी ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे, डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांचे मराठी व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. जीव नकोसा वाटण्यापर्यंत वेळ आली, तर इथे ९८८ आणि भारतात १४४१६ हे क्रमांक रात्रंदिवस चालू असतात.

मंडळ म्हणून एक विनंती. दिवाळीच्या कार्यक्रमात भेटणाऱ्या बारावीच्या मुलांना ‘कुठे कुठे अर्ज केलेस?’ असं विचारू नका आणि डिसेंबरात निकाल लागल्यावर कुणाचं काय झालं याची चौकशीही करू नका. त्यांनी आपणहून सांगितलं तर मनापासून ऐका. आपल्या घरात कुणी यातून गेलं असेल, तर पुढच्या अंकासाठी आम्हाला लिहा. नाव छापणार नाही. तुमचा अनुभव वाचून एखाद्या घरात डॉक्टरांना फोन केला जाईल.

दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा!

आपलं,
संपादक मंडळ