दुःखापलीकडचा आनंद

ख्रिस्ती श्रद्धेतला आनंद म्हणजे दुःख टळल्याचे समाधान नव्हे. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात तो दुःखाच्या सोबतीनेच वाढला. दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण हिरावली, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधवी. पदरी लहानगी मनोरमा होती.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आनंद लगेच लाभला नाही, हे त्यांच्या साक्षीतले सर्वांत मोलाचे सत्य. बुद्धीला धर्म पटला होता, मन मात्र अस्वस्थच होते. पुढे काही वर्षांनी आपण आहोत तशाच ख्रिस्ताला स्वीकारार्ह आहोत, ही खात्री पटली आणि मन निवले. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनी हे विलक्षण प्रांजळपणे सांगितले आहे.

हा आनंद देवघरात बसून राहिला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली-स्त्रियांना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणले. तिथे प्रार्थनेइतकेच शिक्षण आणि हातांना काम महत्त्वाचे होते. उतारवयात त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करत होत्या. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तोवर भाषांतर पूर्ण झाले होते.