आधी वर्ग, मग परीक्षा

‘ज्या देशात राहायचं तिथली भाषा ज्याची त्याने शिकावी, सरकारने वर्ग कशाला चालवायचे?’ ब्रिटनमध्ये हा आक्षेप गोऱ्यांइतकाच आपल्या मंडळींच्या तोंडीही असतो. लंडनमध्ये स्थिरावलेला मराठी माणूस विचारतो, ‘आम्ही आलो तेव्हा आम्हाला कोणी शिकवलं?’ शिकवलं की! महाराष्ट्रातल्या शाळेत, पाचवीपासून, बहुतेकांना सरकारी अनुदानावर पगार घेणाऱ्या मास्तरांनीच. विमानात बसण्याआधीचा तो खर्च हिशेबात धरायचा नाही, आणि सिल्हेटच्या खेड्यातून किंवा सोमालियाच्या यादवीतून आलेल्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईला स्वावलंबनाचे धडे द्यायचे, हा कुठला न्याय?

‘त्यांना शिकायचंच नसतं’ हा दुसरा आक्षेप तर संतापजनक आहे. जानेवारी 2016 मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी मुस्लिम स्त्रियांच्या इंग्रजीसाठी दोन कोटी पौंड जाहीर केले. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांनी अडीच वर्षांत प्रगती दाखवली नाही, तर त्यांना देशात राहू दिलं जाईलच असं नाही, असंही त्यांनी बजावलं. पण 2009-10 ते 2015-16 या काळात इंग्लंडमधल्या प्रौढांच्या इंग्रजी वर्गांचा सरकारी निधी 20.3 कोटी पौंडांवरून 9 कोटींवर आला होता. आधी शाळेला कुलूप लावायचं आणि मग गैरहजेरीबद्दल छडी उगारायची, असा हा प्रकार. ब्रिटिश सरकारच्या मे 2025 च्या स्थलांतरविषयक श्वेतपत्रिकेतही भाषेच्या अटी आणखी कडक करण्याचाच सूर आहे. अट घालायला पैसे लागत नाहीत, वर्ग चालवायला लागतात.

‘राहता राहता येते भाषा, शिवाय आता मोबाइल आहेच’ असंही म्हणतात. दुकानात टोमॅटो घ्यायला येते, मान्य. पण डॉक्टरांच्या खोलीत दहा वर्षांचा मुलगा आईचा दुभाषी होऊन बसतो, तेव्हा पाळीच्या त्रासाबद्दल ती माउली त्याच्यासमोर काय बोलणार? ती ‘डोकं दुखतं’ म्हणते, गोळ्या घेऊन घरी येते आणि खरं दुखणं अंगावर काढते. मोबाइल शब्द फिरवून देईल, पण ‘हे मला पटलं नाही, पुन्हा सांगा’ असं म्हणायचं बळ देणार नाही.

आणि नुसतं राहून भाषा येते म्हणणाऱ्यांनी जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाचं काम पाहावं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कॅफेटेरियात नव्याने लागलेल्या भारतीय-पाकिस्तानी बायका उद्धट आहेत, अशी तक्रार होती. मांस वाढताना त्या ‘ग्रेव्ही’ एवढंच म्हणत, पण उतरत्या स्वरात. ऐकणाऱ्याला तो प्रश्न वाटतच नसे, ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असं वाटे. इंग्रज बायका तोच शब्द चढत्या स्वरात म्हणत. दोन्ही बाजूंना एकत्र बसवून ध्वनिमुद्रण ऐकवलं, चर्चा केली, तेव्हा कुठे गाठ सुटली. रोज शेजारी उभं राहून जे उमगलं नव्हतं, ते शिकवल्यावर उमगलं.

मग करायचं काय? ऑस्ट्रेलियाकडे पाहा. तिथे स्थलांतरितांसाठी सरकारी इंग्रजी वर्ग 1948 पासून चालू आहेत. पूर्वी 510 तासांची मर्यादा होती. ती 2021 मध्ये उठवली, कारण तेवढ्यात अनेकांना कामापुरती भाषाही येत नव्हती. वर्गाच्या वेळेत लहान मुलांना सांभाळायची सोयही फुकट आहे. मला ही सोय सगळ्यांत मोलाची वाटते. कडेवर मूल असलेल्या बाईला वर्गाचं दार उघडं आहे की बंद, ते या एका गोष्टीवर ठरतं.

चर्चच्या हॉलमध्ये चहा-बिस्किटांसोबत गप्पा मारत शिकवणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण कोणत्याच भाषेत अक्षरओळख नसलेल्या पन्नाशीच्या बाईला पेन धरण्यापासून शिकवणं हे प्रशिक्षित शिक्षकाचं काम आहे. त्याला पगार, तिला आठवड्यातून निदान चार दिवस वर्ग, आणि लागतील तितके महिने: एवढं सरकारने आधी द्यावं. परीक्षेची तारीख त्यानंतर ठरवावी.