आधी कंगवा घ्या, मग कुत्रा आणा

आमच्या गोवंडीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक शिट्झू राहते. डोक्यावर गुलाबी बो, अंगाला पावडरीचा वास. मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये तिला कडेवर घेतलं आणि माझी बोटं तिच्या कानामागे अडकली. सुपारीएवढा गुंता, कातडीलाच घट्ट धरून बसलेला. जरासा हलवला तर ती कळवळली. कडेचे केस बाजूला सारले, तर खाली कातडी लालभडक, चिकट, आंबूस वासाची.

"अहो, दर महिन्याला पार्लरला पाठवतो की! परवाच आंघोळ झाली," मालकीणबाई म्हणाल्या.

परवाच आंघोळ झाली, आणि कातडी सडायला लागली ती त्यामुळेच. न सोडवलेल्या गुंत्यावर पाणी पडलं की तो आणखी आवळतो. साबण आत राहतो, ओल आत राहते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ती सुकत नाही. पावसाळ्यात अशा जागी माशी बसली तर अळ्या व्हायलाही वेळ लागत नाही. आधी विंचरायचं, मग पाणी घालायचं, हे त्या बाईंना कोणीच सांगितलं नाही असं मी मानणार नाही. महिन्याचे पैसे भरले की आपली जबाबदारी संपली, असं त्यांनी धरून चाललं होतं.

"किती दिवसांनी ग्रूमिंग करायचं?" असं मला लोक सारखं विचारतात. त्यांना एक आकडा हवा असतो, म्हणजे तारीख ठरवून मोकळं होता येतं. सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. शिट्झूचे केस माणसासारखे वाढतच राहतात. ते लांब ठेवायचे तर रोज, अगदी मुळापर्यंत कंगवा फिरला पाहिजे. वरवर ब्रश मारून वरचा थर चमकतो आणि आतली जट तशीच राहते. रोज जमत नसेल तर महिना-दीड महिन्याला सगळे केस आखूड कापून घ्या आणि बोचा हट्ट सोडा. लॅब्रॅडॉरला आठवड्यातून दोन-तीनदा ब्रश, आपल्या गावठी कुत्र्याला एकदा. निरोगी कुत्र्याला आंघोळ साधारण महिन्यातून एकदा पुरते. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि आपल्या कातडीइतकी आम्लधर्मी नसते. तिच्यावर दर रविवारी घरातला शाम्पू ओतलात की तेल निघून जातं, खाज सुटते, आणि ती खाज घाणीची समजून तुम्ही पुन्हा आंघोळ घालता.

इथे लोक गोवंडीचं नाव पुढे करतात. शेजारी देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे, कचऱ्याच्या गाड्या दिवसभर धावतात, २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धुराने घराघरात खोकला आणला होता. मग कुत्रा आठवड्याला नको का धुवायला? नको. धूळ ब्रशने निघते. दाराशी ओल्या फडक्याने पाय आणि पोट पुसा. गोवंडीत राहून खरी काळजी घ्यायची ती पावसाळ्यात, आणि नेमकी तेव्हाच ती कोणी घेत नाही. तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, त्यातून लेप्टोचा आजार पसरतो, तो कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. त्या पाण्यातून आलेला कुत्रा स्वतःचे पंजे चाटत बसतो. प्रत्येक फेरीनंतर पंजे धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ नसेल तर कुत्रा आणलात कशाला?

त्याच बेचक्यांत गोचीड बसतात. बेचकीत, कानाच्या घडीत, शेपटीच्या मुळाशी. पार्लरवाला महिन्यातून एकदा बघणार. गोचीड तोवर रक्त पिऊन, फुगून, गळून पडतो आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालतो. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडाचं सगळं आयुष्य घरातल्या घरात चालू शकतं. मग गोचिडाच्या चाव्यातून आजार होऊन कुत्रा मलूल होतो, खाणं सोडतो, ताप चढतो, आणि रात्री अकरा वाजता तुम्ही रिक्षा शोधत धावता. रोज अंगावरून हात फिरवला असता तर गोचीड मसुराएवढा असतानाच चिमट्याने सरळ ओढून काढता आला असता.

आणि उन्हाळ्यात झिरो कट मारून आणणारे! हस्की, जर्मन शेफर्ड, पॉम यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतली मऊ लोकर विंचरून मोकळी ठेवली की त्यात हवा खेळते आणि वरचे केस ऊन अडवतात. ते भादरलेत की कातडी उघडी पडते, भाजते, आणि कधीकधी केस पूर्वीसारखे येतच नाहीत. बर्फातलं कुत्रं गोवंडीत आणलंत ही पहिली चूक, ती वस्तऱ्याने दुरुस्त होत नाही.

या सगळ्या हलगर्जीपणाला छळ म्हटलं की लोक चिडतात. म्हणतात, आम्ही पोटच्या पोरासारखं वाढवतो. प्राण्यांच्या छळाचा १९६० चा कायदा पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड सांगतो, म्हणजे कायद्याचा धाक कोणालाच नाही. पण पोटच्या पोराच्या केसांत अशी जट झाली असती, नखं वळून तळव्यात रुतायला लागली असती, तर तुम्ही पुढच्या महिन्याच्या तारखेपर्यंत थांबला असतात का?

त्या शिट्झूचा गुंता मी कात्रीने काढला नाही. गुंत्याबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि कात्रीत सापडते, हे मी पाहिलेलं आहे. डॉक्टरांनी मशीनने जपून काढला. एकूण सात निघाले: दोन्ही कानांमागे, दोन्ही काखांत, दोन्ही जांघांत आणि एक गळपट्ट्याखाली. गळपट्ट्याखालचा काढला तेव्हा ती थरथरायची थांबली आणि टेबलावरच आडवी होऊन झोपली.