आधी डॉक्टरला झोपू द्या



सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या तुसडेपणाची चर्चा निघाली की तिचा शेवट ठरलेला असतो. पूर्वीचे फॅमिली डॉक्टर देवमाणूस होते, आताच्यांना माणुसकी राहिली नाही, सबब त्यांच्यावर संस्कार करा. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारे 'एटकॉम' आले. त्या प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. पण रुग्णाविषयीचा कळवळा हा केवळ डॉक्टरच्या स्वभावाचा भाग आहे, हे गृहीतक मला मान्य नाही. तो उपचाराचा भाग आहे आणि औषधांइतकीच त्याचीही तजवीज करणे हे रुग्णालय चालवणाऱ्यांचे काम आहे.

उपचाराचा भाग म्हणतो, त्याला आधार आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ९७ रुग्णांवर झालेला एक प्रयोग १९६४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या साधारण निम्म्या रुग्णांना भूलतज्ज्ञाने आदल्या रात्री भेटून नीट समजावले होते: उद्या कुठे दुखेल, का दुखेल, कुशीवर कसे वळायचे, स्नायू कसे सैल सोडायचे. या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर अफूजन्य वेदनाशामके जवळपास निम्मीच लागली. कोणाला समजावले आहे हे सर्जनना ठाऊक नव्हते, तरी त्यांनी या रुग्णांना सरासरी पावणेतीन दिवस आधी घरी सोडले. अलीकडचा दाखला फिलाडेल्फियाचा आहे. २०११ च्या तिथल्या अभ्यासात २९ डॉक्टर आणि त्यांचे ८९१ मधुमेही रुग्ण होते. सहानुभूतीच्या मोजणीत वरचे गुण मिळालेल्या डॉक्टरांच्या ५६ टक्के रुग्णांची साखर आटोक्यात होती, खालचे गुण मिळालेल्यांच्या ४० टक्के. यावर कोणी म्हणेल, पथ्यपाणी सांभाळणारे रुग्णच मनमिळाऊ डॉक्टर शोधत असतील. आक्षेप रास्त आहे. नुसत्या या आकड्यांवर मी काही उभे करणार नाही. पण बोस्टनमध्ये कोणाला समजावायचे आणि कोणाला नाही, हे रुग्णांनी ठरवले नव्हते.

'आम्हाला हुशार सर्जन द्या, गोड बोलणारा नको', असे पुष्कळ जण म्हणतात. जणू दोहोंतले एकच मिळते! नेमके निदान व्हायला नेमकी हकीकत लागते, आणि वसकन अंगावर येणाऱ्या माणसाला कोणी धड हकीकत सांगत नाही. गोळ्या परवडत नाहीत म्हणून मधूनच बंद केल्या, हे तर मुळीच सांगत नाही.

खरा अडसर वेळेचा, असे डॉक्टर सांगतात. ६७ देशांतली माहिती एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतात एका रुग्णाच्या वाट्याला डॉक्टरची जेमतेम दोन मिनिटे येतात, असे दिसले. दोन मिनिटांत काय होते ते कुठल्याही ओपीडीत बघावे. रुग्ण स्टुलावर टेकतो न टेकतो तोच डॉक्टरचा हात केसपेपरवर चालू लागतो, मान खालीच असते, आणि 'रक्त तपासून या' हे वाक्य पुरे व्हायच्या आत मागच्याने आपला केसपेपर टेबलावर सरकवलेला असतो. तरीही वेळेची सबब अर्धीच खरी आहे. धीराच्या शब्दांचा परिणाम तपासणारा एक अमेरिकी प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्तनांच्या कर्करोगाच्या उपचारांविषयीच्या सल्लामसलतीच्या चित्रफितीत डॉक्टरच्या तोंडी जादा घातलेले असे शब्द होते फक्त ४० सेकंदांचे, आणि ते ऐकलेल्या स्त्रियांची चिंता कमी भरली. ४० सेकंद दोन मिनिटांतूनही निघतील. ती काढण्याइतके त्राण डॉक्टरच्या अंगात उरले आहे का, हा पुढचा प्रश्न, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो.

कारण कोरडेपणा उपजत नसतो. फिलाडेल्फियाच्याच जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातला २००९ चा अभ्यास सांगतो की विद्यार्थ्यांची सहानुभूती घसरते ती तिसऱ्या वर्षी, म्हणजे तिथे ते प्रत्यक्ष वॉर्डांत जाऊ लागतात तेव्हा. वर्गात कमावलेले वॉर्डात गळते. आपल्याकडे वॉर्डाचा भार निवासी डॉक्टरांच्या खांद्यावर असतो. त्यांचे काम सामान्यतः दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांपलीकडे जाऊ नये, असे केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत लिहून ठेवले आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला कमाल ७४ तास आणि एक सुट्टी अशी शिफारस केली. बत्तीस वर्षांनी मर्यादा खाली येण्याऐवजी २६ तासांनी वर गेली, आणि तीही मोठी सुधारणा वाटावी अशी प्रत्यक्षातली स्थिती आहे. लागोपाठ दोन दिवस ड्यूटीवर असलेल्या पोराकडून आपण हळुवारपणाची अपेक्षा करतो, आणि तो खेकसला की नातेवाईक हात उगारतात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तरी मारहाण होते आणि निवासी डॉक्टरांना संपावर जावे लागते.

'आम्हीही असेच राबलो, त्यातूनच घडलो', हे ज्येष्ठांचे उत्तर तयार असते. त्यांच्या कष्टांविषयी आदर आहे. पण आपण घडलो हे ते स्वतःच ठरवतात. त्या काळी त्यांच्यापुढे बसलेल्या रुग्णांना कोणी विचारले नाही. तास कमी केले तर वॉर्ड कोण सांभाळणार, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पदे भरावी लागतील आणि त्याला पैसा लागेल, हे उघड आहे. केसपेपर शोधणे, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, ट्रॉली ढकलणे ही कामे वॉर्डबॉय आणि कारकून नेमून आजही डॉक्टरांकडून काढून घेता येतील. त्यासाठी नवे वैद्यकीय महाविद्यालय उघडावे लागत नाही, आणि फीत कापायलाही कोणी येणार नाही. बहुधा म्हणूनच ते राहून जाते.

खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा नियम राज्याने २०२१ मध्ये केला. तशीच सक्ती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांवर एका तक्त्याची करावी: कोणत्या विभागातल्या निवासी डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात सरासरी किती तास काम केले, एवढेच त्यावर असावे. तो ओपीडीच्या रांगेतून वाचता येईल अशा जागी लावावा आणि दर सोमवारी बदलावा.

आपला,
एक वाचक, सोलापूर