मोटारीचें टायमिंग आणि घरचे हात

भातलावणीच्या तोंडावर मोटार बंद पडली म्हणजे पोलादपुराकडील डोंगरकपारींतल्या शेतकऱ्याची कुचंबणा होते. खत, बाजार आणि प्रसंगीं घरचें आजारी माणूस, सारें त्या एका गाडीच्या भरंवशावर. मिस्त्री महाडास, आणि त्याच्या दारांत आधींच चार गाड्या उभ्या. अशा वेळीं टायमिंगचा पट्टा घरींच बदलावा असें अनेकांच्या मनांत येतें. हें धाडस आम्ही निंद्य मानीत नाहीं. परंतु तें अदमासानें करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां झडपा उघडणाऱ्या कॅमचा एकच फेरा होतो, आणि हा मेळ पट्टा किंवा सांखळी राखते. एखादा दांत चुकला तर एंजिन अशक्त चालतें. अधिक चुकले तर पुष्कळ एंजिनांत वर येणारा दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो. मग झडपा वांकतात, माथा उतरवावा लागतो, आणि पट्ट्याचा खर्च बाजूसच राहतो.

आम्हांस हा धडा आमच्याच अंगणांत मिळाला. जुना पट्टा काढतांच स्प्रिंगांच्या ताणानें कॅम उसळला, आणि आम्ही खूण चुकीची वाचली. सुदैवानें किल्ली फिरविण्यापूर्वीं पान्यानें क्रँक हळूहळू फिरविला. तो मध्येंच अडला. जोर न करतां थांबलों, म्हणूनच झडपा वांचल्या.

म्हणून बॅटरीची तार आधीं काढावी. पट्टा उतरविण्यापूर्वीं चाकांवरील खुणा जुळवून रंगानें ठळक कराव्या. नवा पट्टा चढविल्यावर क्रँक एंजिनाच्या चालीच्या दिशेनेंच हातानें दोन पूर्ण फेरे फिरवावा. त्या खुणा पुन्हां जुळल्यावांचून किल्लीस हात लावूं नये. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीच्या पुरानें महाड बुडालें, हें कोणीही विसरलेला नाहीं. तशा पुरांत झांकणाआड गाळ शिरलेला पट्टा वरून धड दिसला तरी तो बदलणेंच बरें.

कॅम जागीं अडकविण्याच्या खिळी व मोजून आवळण्याचा पाना एकट्यास महाग पडतात, आणि लागतात तेही वर्षांनुवर्षांनीं एकदां. लावणीस आपण इर्जिक करतों, मग अवजारांस कां नको? संस्थेनें हीं अवजारें व त्या त्या मोटारीचें दुरुस्तीचें पुस्तक सामाईक ठेवावें, अशी आमची सूचना आहे. तोंवर ज्यास हीं मिळत नाहींत, त्यानें मिस्त्र्याची वाट पाहावी. चार दिवसांचा खोळंबा भरून निघतो. उतावळेपणानें मोडलेलें एंजिन ऐन हंगामांत सर्व कामें अडवून बसतें.